माप कोण घेणार?

अपंगांचं उपकरण म्हटलं की आपल्याकडं पहिला शब्द येतो ‘वाटप’. मांडव, हार, माईकची शिट्टी, ओळीनं लावलेल्या कोऱ्या तीनचाकी सायकली आणि शेवटी फोटो. वडूजसारख्या तालुक्याच्या गावाला हे चित्र ओळखीचं आहे. दहिवडी, विटा, आटपाडी, कुठंही जा, तेच. वाटप वाईट असं मी म्हणत नाही. वस्तू मिळालीच नाही तर पुढचं बोलायलाच नको. पण वाटायची वस्तू आधी कुणासाठी तरी घडवावी लागते. या घडवण्याबद्दल चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या मनातही काही समज असे घट्ट बसलेत, की त्यापायी धडधाकट उपकरणं गोठ्याच्या आढ्याला टांगली जातात.

बोलायला सोपं जावं म्हणून एक माणूस मनाशी धरू. खराखुरा कुणी नाही. येरळेकाठच्या एखाद्या गावचा, चाळिशी ओलांडलेला, मोटारसायकलच्या अपघातात उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागलेला. घरी दोन म्हशी, थोडी ज्वारी, पाऊस बरा झाला तर बटाटा. त्याला तात्या म्हणू.

गैरसमज : उपकरण हातात पडलं की प्रश्न मिटला

अमेरिकेत फिलिप्स आणि झाओ या संशोधकांनी २२७ अपंग प्रौढांना विचारलं, की तुम्हाला मिळालेल्या साधनांचं पुढं काय झालं? १९९३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. २९.३ टक्के साधनं चक्क टाकून दिलेली निघाली. कारणं चार : निवडताना वापरणाऱ्याचं मत कुणी विचारात घेतलं नव्हतं, साधन फार सहज हाती पडलं होतं, साधन नीट काम करत नव्हतं किंवा माणसाची गरजच पुढं बदलली होती.

यातल्या दुसऱ्या कारणाचा अर्थ ‘फुकटच्या वस्तूची किंमत नसते’ असा लावायचा मोह होतो. वाटप करणारे तो हमखास लावतात. मला तो पटत नाही. सहज मिळालं याचा अर्थ मध्ये कुणी बसून माप घेतलं नाही, घर बघितलं नाही, चार दिवस वापरून बघू दिलं नाही. दोष फुकटपणाचा नाही, घाईचा आहे.

तात्याला तीनचाकी मिळाली असं धरा. हातानं फिरवायचा दांडा, त्यावरून पुढच्या चाकाला साखळी. दोन्ही हात दणकट असल्यानं तो वडूजच्या बाजारपेठेत जाईल, चहा पिईल, परत येईल. पण त्याच्या घराचं दार तीनचाकीच्या मागच्या चाकांपेक्षा अरुंद आहे आणि गोठा बांधाच्या पलीकडं आहे. म्हणजे ज्या दोन ठिकाणी त्याचा दिवस जातो, तिथंच ती जात नाही.

त्याच्यासाठी काही घडवायचं असेल, तर सुरुवात अशा प्रश्नांनी व्हायला हवी.

“तात्या, सकाळी उठल्यावर पहिलं काम काय करता?”

“धार.”

“बसून?”

“मग? उकिडवं बसल्याबिगर धार निघती व्हय?”

“पाणी?”

“हापशावरनं. दोन कळश्या.”

“संडास?”

“परसात. साधाच.”

चार उत्तरांत उपकरणाचा अर्धा आराखडा हाती येतो. धार आणि साधा संडास म्हणजे गुडघा पूर्ण मुडपायला हवा, नाहीतर दोन्हीकडं बसायची दुसरी सोय करायला हवी. दोन कळश्या म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कुबड्या बाद. परसात जायचं म्हणजे ओल, चिखल, अनवाणी पाऊल. आता पावसाळ्यात येरळेकाठच्या काळ्या रानात पाय कसा रुततो आणि वरच्या अंगाच्या मुरमाड माळावर कसा निसटतो, हेही विचारा. दवाखान्याच्या फरशीवर दहा पावलं चालवून दाखवलेल्या पायाला यातलं काहीच माहीत नसतं.

गैरसमज : खुर्ची मोठी असली म्हणजे ऐसपैस

व्हीलचेअर विकत घेताना किंवा देताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ‘जरा मोठीच द्या, उद्या अंगानं भरला तर?’ लहान मुलाच्या शाळेच्या बुटासारखा हिशेब. पण बैठक रुंद झाली की माणूस एका बाजूला कलतो, कणा वाकडा होत जातो आणि चाक हाताला लांब पडल्यानं खांदे दुखतात. बैठकीची रुंदी बसणाऱ्याच्या कमरेच्या मापाला धरूनच हवी, दोन्ही बाजूंना बेताची जागा सोडून. खोली अशी हवी, की गुडघ्याच्या मागच्या खोबणीत आणि बैठकीच्या कडेत दोन-तीन बोटांची फट राहील. फट नसली तर कड पोटरीला टोचते. माणूस पुढं घसरून पोक काढून बसतो आणि आपण म्हणतो, याला नीट बसायची सवयच नाही.

गादीकडं तर कुणाचंच लक्ष जात नाही. कण्याला मार बसून ज्याच्या कमरेखालची जाणीव गेली आहे, त्याला टोचतंय हे कळतच नाही. हाडाच्या टोकाखालची कातडी तासन् तास दाबली जाते, रक्त पोचत नाही, आणि आधी लाल डाग, मग जखम. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत मुठीएवढी असू शकते. म्हणून अशा माणसाच्या खुर्चीत दाब वाटून घेणारी गादी हा खुर्चीचाच भाग धरायचा. शिवाय दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढं वाकून किंवा बाजूला कलून दाब हलका करायचा. कापडी झोळीची बैठक असलेली साधी घडीची खुर्ची रुग्णाला वॉर्डातून एक्स-रेपर्यंत न्यायला बरी. तिच्यावर जन्म काढायला लावणं हा अन्याय आहे.

रॅम्पचंही तेच. पायऱ्यांवर सिमेंट ओतून उतार केला की ‘सोय’ झाली असं मानतात. मानक सांगतं १:१२. एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन पायऱ्यांच्या ओट्यावर चार फुटांत चढवलेल्या उतारावरून खुर्ची वर नेऊन बघा, म्हणजे तो रॅम्प की घसरगुंडी ते कळेल.

खेड्यातल्या वाटांसाठी खुर्ची कशी असावी, यावर एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या एमॉस विंटर यांच्या गटानं तरफेवर चालणारी तीनचाकी खुर्ची केली. दोन उभे दांडे पुढं ढकलायचे. दांडा वरच्या टोकाला धरला की जोर मिळतो, खाली धरला की वेग. गिअरचं काम हातच करतो, आणि पुर्जे सायकलचे. कागदावर एकदम झकास. पूर्व आफ्रिकेत लोकांना वापरायला दिली तेव्हा लोकांनी सांगितलं, की बाहेर ठीक आहे, घरात ही घेऊन फिरताच येत नाही. रुंद आहे, जड आहे. मग आराखडा मोडून रुंदी आणि वजन दोन्ही कमी केलं. पुढच्या चाचण्यांत कृत्रिम पाय देणाऱ्या जयपूरच्या एका संस्थेसोबत भारतातल्या वापरणाऱ्यांचाही वाटा होता. जगातल्या नामांकित संस्थेच्या इंजिनिअरांना दाराची रुंदी शिकवली ती खुर्चीत बसणाऱ्यांनी.

गैरसमज : काठी दुखऱ्या बाजूच्या हातात, कुबडी काखेत घट्ट

दोन्ही चूक, आणि दोन्ही आपल्या घराघरांत.

उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. उजवं पाऊल टाकताना काठी सोबत पुढं जाते आणि भार दोघांत वाटला जातो. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की सगळं अंग त्याच बाजूला झुकतं. कुबडीचा माथा काखेच्या दोन-तीन बोटं खाली असावा, मूठ मनगटाच्या उंचीला, कोपर जरासं वाकलेलं. वजन हातांनी पेलायचं. काखेत लटकून चाललं की तिथून जाणारी नस दबते, मनगट लुळं पडायला लागतं. आणि खालचं रबर झिजलं की लगेच बदला. फरशीवर सांडलेलं पाणी आणि गुळगुळीत रबर एवढ्यानं खुब्याचं हाड मोडतं.

गैरसमज : जयपूर फूट म्हणजे विलायती पायाची गरिबांसाठी केलेली स्वस्त नक्कल

हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. आपल्याच देशातला डिझाइनचा सर्वांत शहाणा नमुना आपण ‘स्वस्त’ या एका शब्दात गुंडाळून टाकतो.

गेल्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांत जो कृत्रिम पाय रूढ झाला, त्याचा घोटा घट्ट असे आणि टाचेत मऊ गादी. बुटात घालायचा, खुर्चीत बसायचं, सपाट रस्त्यानं चालायचं, अशा माणसासाठी तो चांगलाच होता. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी असे पाय बसवत आणि माणसं काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर परतत. उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना. बूट काढला की पाय नुसता ठोकळा, आणि शेतातल्या पाण्यात तो खराब व्हायचा. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर होते. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण थोडं, हात मात्र मूर्तिकाराचे. डॉक्टरांना शरीर कळत होतं, मास्टरजींना साचा आणि रबर. १९६८च्या सुमारास दोघांच्या खटपटीतून जे पाऊल तयार झालं ते जयपूर फूट.

त्याच्या आत तीन ठोकळे असतात : टाचेला आणि पुढच्या भागाला मऊ छिद्रमय रबर, घोट्याशी लाकूड. यांना बांधून वरून टायरच्या जातीच्या रबराचं आवरण चढवतात आणि साच्यात घालून भाजतात. त्यामुळं पाऊल वर-खाली आणि बाजूला वाकतं, ढेकळावर पडलं तरी जमिनीशी जुळवून घेतं, पाण्यात चालतं. बोटं कोरलेली, रंग कातडीचा. अनवाणी देवळात जाता येतं. बुटात घालायचा पाय करणाऱ्यांना या गोष्टी सुचण्याचं कारणच नव्हतं. भगवान महावीर विकलांग सहायता समिती देवेंद्र राज मेहता यांच्या पुढाकारानं १९७५ साली सुरू झाली आणि हा पाय लाखोंपर्यंत गेला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव मात्र कितीजणांना माहीत असतं, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं. मुंबईच्या सुधा चंद्रन १९८४ साली याच पायावर पुन्हा भरतनाट्यम करायला उभ्या राहिल्या, ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. हे पाऊल हातानं घडतं, म्हणून एकाचा दर्जा दुसऱ्यासारखा असेलच असं नाही, आणि ते वजनालाही हलकं नाही. शिवाय जयपूर फूट हे पावलाचं नाव आहे. तात्याला पावलाबरोबर गुडघा लागेल, आणि उरलेली मांडी ज्यात बसते तो सॉकेट लागेल. अडचण बहुधा तिथंच येते.

गैरसमज : पाय बसवला की माणूस चालायला लागला

लोकांना वाटतं, वजन कापलेल्या टोकावर येतं. तसं येऊ द्यायचं नसतं. पाय गुडघ्याखाली गेला असेल तर सॉकेटचा आकार असा करतात, की बराचसा भार वाटीच्या खालच्या जाड शिरेवर आणि आजूबाजूच्या सोसणाऱ्या भागांवर पडेल. तात्यासारखा गुडघ्याच्या वर गेला असेल तर आपण ज्या हाडावर बसतो त्याचा आधार घेतात आणि मांडीवर चहूबाजूंनी दाब वाटतात. म्हणून प्लास्टरचा ठसा घेतात. मग तो ठसा कुठं खरवडायचा, कुठं भर घालायची, हे प्रशिक्षित तंत्रज्ञ बोटांनी चाचपून ठरवतो. मिरजेला सतारीचा भोपळा घासणाऱ्या कारागिराची बोटं जे काम करतात, त्याच जातीचं हे काम आहे.

आणि एवढं करूनही ते टिकत नाही. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरते, न वापरलेले स्नायू आटतात आणि पहिल्या काही महिन्यांत स्टंप, म्हणजे कापून उरलेला भाग, बारीक होत जातो. आज घट्ट बसलेला सॉकेट काही आठवड्यांनी खुळखुळतो. आधी मोज्यांचे थर वाढवून भागवतात, मग सॉकेटच नवा करावा लागतो. वाढत्या मुलाला तर जवळजवळ दरवर्षी बदल हवा.

आता सरकारी नियम बघा. साहाय्यभूत साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. तिच्यात एकदा साधन मिळालं की त्याच कारणासाठी पुन्हा तीन वर्षं मिळत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एक वर्षाची. मुलांचा विचार झाला, हे चांगलं. पण ज्याचा पाय नुकताच गेलाय, त्याचं माप पहिल्याच वर्षात बदलणार हे शरीर ठरवतं. साधनाची मुदत तीन वर्षं धरायला हरकत नाही. पहिल्या वर्षातली सॉकेटची दुरुस्ती आणि बदल हा त्याच साधनाचा भाग धरायला हवा. हे माझं मत आहे, आणि ते बदलायचं कारण मला अजून दिसलेलं नाही.

गुडघ्याबद्दल थोडं. एकाच खिळ्यावर फिरणारा साधा गुडघा ढेकळावर टाच पडताच अचानक मुडपू शकतो. चार दांड्यांच्या जोडणीचा गुडघा वेगळा : टाच टेकताना त्याचा फिरण्याचा बिंदू मागं-वर सरकतो म्हणून तो उभा राहतो, आणि पाय पुढं टाकताना एकूण लांबी किंचित कमी होते म्हणून पाऊल दगडाला अडखळत नाही. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेसाठी असा स्वस्त गुडघा केला; ‘टाइम’नं २००९च्या उत्तम शोधांत तो घेतला. मद्रास आयआयटीनं २०२२ साली ‘कदम’ नावाचा गुडघा आणला, तो १६० अंशांपर्यंत मुडपतो. एसटीच्या दोन बाकड्यांच्या मधल्या जागेत बसायला हे मुडपणं कामाला येतं. एसटीच्या भाड्यात अपंगांना ७५ टक्के सवलत आहे. तिच्या पायरीच्या उंचीत मात्र काही सवलत नाही.

पाय बसल्यावर शिकावं लागतं, हे तर राहिलंच. दोन समांतर दांड्यांमध्ये वजन डावी-उजवीकडं टाकणं, मग पाऊल, मग वळणं, मग उतार, मग पडलं तर उठणं. हे न शिकवता पाय देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या काठावर सोडून येणं.

गैरसमज : बॅटरी असली म्हणजे भारी

आपल्या भागात हात जाण्याची कारणं ठरलेली आहेत. कडबाकुट्टी, मळणीयंत्र, उसाचा चरक. हात गेलेल्या तरुणाला मोबाईलवर रोबोचे हात दिसतात, थ्रीडी प्रिंटरवर रंगीत पंजा छापून मिळाल्याचे व्हिडिओ दिसतात आणि तो त्याची वाट बघत बसतो.

बिडिस आणि चाऊ यांनी २००७ साली पंचवीस वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. प्रौढांत खांद्याच्या पट्ट्यानं ओढून चालवायचे हात सरासरी २६ टक्के लोकांनी नाकारले होते, विजेवरचे २३ टक्के. मुलांत हेच आकडे ४५ आणि ३५. बॅटरीनं फरक पडतो, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. वजन, घाम, बिघाड आणि दुसऱ्या हातानं काम आधीच जमत असणं, ही सगळी नाकारण्याची कारणं आहेत. रोटरी क्लबांमार्फत मोफत बसवला जाणारा साधा एलएन-४ हात अनेकांच्या कामी आला. तोही कोपराखालचा भाग पुरेसा उरला असेल तरच बसतो.

डेव्हिड डॉरन्स या अमेरिकी माणसाचा हात लाकडाच्या गिरणीत गेला. त्यानं १९१२ साली दोन पात्यांच्या आकड्याचं पेटंट घेतलं. दिसायला तो हातासारखा अजिबात नाही, पण शंभर वर्षं उलटली तरी कामाच्या माणसांना आवडतो, कारण पकडलेली वस्तू त्यात दिसते आणि तो तुटत नाही. खुरपं धरायचं असेल तर खुरप्याच्या मुठीला बसणारी कडी मनगटाच्या टोकाला असणं पाच छापील बोटांपेक्षा उपयोगी. लग्नात जाताना दिसायला बरा असा हात हवा असेल, तर तीही गरजच आहे. मात्र ती दुसऱ्या उपकरणाची गरज.

आणि कुट्टीच्या तोंडाला लांब, वरून झाकलेली गव्हाण असेल तर बोटं पात्यापर्यंत पोचतच नाहीत. कृत्रिम हाताच्या मानानं हे झाकण फारच स्वस्तात होतं.

गैरसमज : हे शास्त्रज्ञांचं काम, वडूजच्या वेल्डरचा काय संबंध

न्यूरेंबर्गजवळचा घड्याळजी स्टेफान फार्फलर स्वतः चालू शकत नव्हता. १६५५ साली त्यानं हातानं दांडा फिरवून चालणारी तीन चाकांची गाडी केली. आपल्या तीनचाकीची ती पणजी. घडीची व्हीलचेअर १९३०च्या दशकात हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी आणली. एव्हरेस्ट खाणीच्या अपघातात कण्याला मार बसलेला खाण इंजिनिअर होता आणि त्याला खुर्ची मोटारीत घालून न्यायची होती. जवळचं पाहायचं तर कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था १९८४ साली उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक किशोरवयातच कमरेखाली लुळ्या झालेल्या. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘चाकाची खुर्ची’.

वेल्डरला जमण्यासारखं पुष्कळ आहे. साध्या संडासावर ठेवायची भोकाची मजबूत खुर्ची, भिंतीतला धरायचा दांडा, धार काढायला हात टेकता येतील असं ठेंगणं स्टूल, अंगणात पाय शिकायला दोन समांतर पाइप, तीनचाकीचा वाकलेला दांडा. तीनचाकीच्या बाबतीत आपल्याकडं एक मोठी सोय अशी, की तिचे पुर्जे सायकलचे असतात आणि पंक्चरवाला तिला ओळखतो. बाहेरून आलेल्या खुर्चीचं वेगळ्याच मापाचं चाक फुटलं की ट्यूबसाठी पुणं गाठायचं.

वेल्डरनं करू नये ते दोनच : सॉकेट आणि कॅलिपर, म्हणजे कमजोर पायाला बांधायचा आधार. अंगाला, विशेषतः जाणीव गेलेल्या किंवा मधुमेहाच्या कातडीला, जे घट्ट बसतं त्यात चूक झाली तर उरलेला पायही जातो. बाकी घडवणं या मुलखाला नवं नाही. औंध संस्थान याच तालुक्यातलं. त्या संस्थानच्या आधारानं १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी बेळगावात केलेला त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीला विष लागतं, असा समज होता. शेतकऱ्यांची तक्रार ऐकून अवजार सुधारायची रीत या मुलखाला तेव्हापासून माहीत आहे.

गैरसमज : पोलिओ गेला, कॅलिपरचं काम संपलं

भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११मधला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी पोलिओ झालेली माणसं आज चाळीस, पन्नास, साठ वर्षांची आहेत. आजारानंतर कित्येक वर्षांनी त्यांतल्या काहींचे स्नायू पुन्हा कमजोर व्हायला लागतात. विशीत कॅलिपर टाकून दिलेल्या बाईला पन्नाशीत तो पुन्हा लागू शकतो, आणि तेव्हा लोखंडाच्या जुन्या जड पट्ट्यांऐवजी हलका प्लास्टिकचा मागणं हा नखरा नाही.

गैरसमज : जिद्द असली की उपकरण कशाला?

या मुलखात हे वाक्य फार टाळ्या घेतं, कारण उदाहरणं खरोखर मोठी आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले, ३७.३३ सेकंदांत. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४ साली पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्यपदक मिळवलं. शाळेत असताना सायकलच्या अपघातात त्यांचा हात अधू झाला होता.

पेटकरांनी त्याच हायडेलबर्गमध्ये स्लॅलममध्येही भाग घेतला होता. स्लॅलम ही व्हीलचेअरची अडथळ्यांची शर्यत. म्हणजे ज्यांच्या जिद्दीचे दाखले आपण देतो, त्यांच्या त्या जिद्दीखाली चालणारी खुर्ची होती. खिलारींचं उदाहरण उलट बाजूनं उपयोगी : एका हातानं काम होत असेल, तर उपकरण नको म्हणणं हाही वापरणाऱ्याचा निर्णय असू शकतो. तो त्यानं घ्यायचा असतो. बाकीच्यांनी मंचावरून ‘बघा, पायाविना कसा चालतो’ म्हणत त्याला पाय द्यायचं टाळू नये.

गैरसमज : हे सगळं मुंबई-पुण्यात, आपल्याकडं काही मिळत नाही

अर्धं खरं. पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे, मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५पासून. वडूजहून तिथं पोचायचं म्हणजे मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन, आणि एका फेरीत काम होत नाही.

उरलेलं अर्धं मात्र इथंच होऊ शकतं. ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढून ठेवा. बाकी कुठलंही दार त्याशिवाय उघडत नाही. ग्रामपंचायतीपासून नगरपंचायतीपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. हा पैसा बहुतेक वेळा हातात रोख वाटून संपतो. त्यातून संडासातले दांडे, बारा फुटांचा रॅम्प, कुबडीची रबरं, तीनचाकीची दुरुस्ती होऊ शकते, आणि तालुक्याच्या गावी दर तीन महिन्यांनी प्रशिक्षित तंत्रज्ञ आणून बसवता येऊ शकतो. ग्रामसभेत हात वर करून हे मागायला खर्च येत नाही.

आणि पुढच्या वेळी मांडव पडेल तेव्हा, तुम्ही लाभार्थी असा, कार्यकर्ते असा नाहीतर नुसते बघे, संयोजकांना तीन गोष्टी नक्की विचारा : माप कोण घेणार आहे? बसवल्यानंतर तो परत कधी येणार आहे? आणि मोडलं तर वडूजमध्ये ते दुरुस्त कोण करणार? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय फोटोला उभे राहू नका.